फायनलचा पायगुण

म्हसळा,
२४ एप्रिल २०२५

निक्या,

सलाम. मी जिवंत आहे, फक्त फोन नाही. तो दिघीच्या बोटीवरून खाडीत गेला. पडला नाही, मी फेकला. मुरुडात वेगळं सांगत फिरू नकोस.

फेब्रुवारीत अकाउंटच्या सरांनी भर वर्गात म्हटलं की तुम्ही पोरं शेवटी बोटीवर नाहीतर आखातात जाणार, ताळेबंद शिकून करणार काय. मी माझा ताळेबंद खिडकीबाहेर भिरकावला आणि स्वतः दरवाजानं बाहेर पडलो, हे तू बघितलंयस. पुढचं तुला माहीत नाही. ईद झाल्यावर अब्बांना कळलं की मी मुरुडला खोली घेऊन राहतो पण कॉलेजात पाऊल टाकत नाही. त्यांनी खोली सोडायला लावली. आता मी त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखतो.

कॉलेज सुटलं त्याचं दुःख नाही. पण माहीन? वर्गात पुढच्या बाकावर बसायची म्हणून तर मी अकाउंटच्या तासाला जात होतो. निघायच्या दिवशी आगरदांड्याला बोटीत चढलो आणि तिला मेसेज टाकला. बरंच लिहून खोडलं, शेवटी एकच ओळ ठेवली: "मी तुझ्या घरी मागणी घालायला येऊ का?" निळ्या खुणा लगेच आल्या. म्हणजे वाचलं. उत्तर नाही. बोट खाडीच्या मध्यावर आली तरी उत्तर नाही. तूच सांग, माणसानं किती वाट बघायची? दिला फेकून. आणि तिथेच, दोर टाकणाऱ्या गुणाजीकाकांसमोर कसम खाल्ली की माहीनकडून उत्तर येईपर्यंत फोनला हात लावणार नाही.

काका म्हणाले, मग आता उत्तर येणार कशावर? ह्याचा विचार मी केला नव्हता.

तेव्हा तू तिला गाठून फक्त एवढं विचार की हो की नाही. पत्र गुणाजीकाकांकडे दे. ते दिघीला एसटीच्या कंडक्टरकडे देतात, तो दुकानात टाकतो.

तुझाच,
अफान


मुरुड,
२७ एप्रिल

अफान्या,

तुझ्या पत्राला बोंबलाचा वास येतो. गुणाजीकाका ते जेवणाच्या पिशवीत ठेवतात. माझी आई म्हणाली, पोराचं पत्र आहे की मासळीचा वाटा?

फोन फेकलास तो फेकलास, आधी सिम काढायचं होतंस. असो.

माहीन बाजारात दिसली. सोबत फरिदाखाला होत्या, त्यामुळे मी दोन वेळा उगाच कोथिंबिरीचा भाव विचारून परत आलो. खालांसमोर त्यांच्या मुलीला "हो की नाही" विचारायला माझ्या खांद्यावर दोन डोकी नाहीत. माहीन माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण खालांनी तिच्या हातात कलिंगड दिलं.

माहीनचे अब्बा, रफिकचाचा, मात्र मजेत आहेत. तू त्यांना लांबूनच बघितलंयस. जेद्दाला बेकरीची गाडी चालवण्यात सगळी जवानी गेली, आता समुद्राकडच्या गल्लीत घराला लागून लॉजच्या दोन खोल्या चालवतात. एरवी गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजकं बोलणारा माणूस, पण परवा शीळ घालत झाडांना पाणी घालत होता. का ते मला माहीत नाही.

मे महिना तोंडावर आहे, आमच्या मांडव-रोषणाईच्या ऑर्डरी वाढल्यात, आबा सख्खा बाप असून पाठ सोडत नाही. म्हणून आवरतो.

निकेत


म्हसळा,
३० एप्रिल

निकेत,

आजपासून पूर्ण नावानं. निक्या म्हणायचा हक्क मित्राला असतो.

का ते मला माहीत नाही, असं लिहितोस? गुणाजीकाकांनी निरोप पाठवला की रफिकचाचांच्या घरावर गच्चीपासून जोत्यापर्यंत रोषणाईच्या माळा चढतायत, आणि शिडीवर कोण आहे, तर निकेत. आपल्या किनाऱ्यावर घरावर माळा कधी सोडतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. पत्रिका नंतर येते, आधी माळा दिसतात. माहीनचं लग्न ठरलं आणि तिच्या लग्नाचे बल्ब माझा जिगरी दोस्त पिळून बसवतोय.

आता तिच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. बिचारीवर जबरदस्ती होत असणार.

अजून एक संधी देतो. सगळ्या माळा एकाच वायरीवर असतात हे तूच मला शिकवलंस. ती वायर काप. घर अंधारात राहिलं की वरात परत जाते. अपशकुन म्हणून तरी जाईल.

अफान (फक्त अफान)


मुरुड,
१ मे

अफानसाहेब,

कबूल, लपवलं. तू फोनचं जे केलंस ते वाचून छाती झाली नाही.

ऑर्डर रफिकचाचांनी स्वतः येऊन दिली. तारीख शनिवार, तीन मे. खालांना विचारलं तर म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी पोराकडची माणसं माहीनला बघायला येतायत, घरातली पहिलीच मागणी आहे तर उजेड हवा. म्हणजे लग्न नाही, नुसतं बघणं आहे. ह्यात तुला जेवढा आधार वाटेल तेवढा घे.

वायर कापणार नाही. ती आमच्या मालकीची आहे. आबाला नुसतं म्हणून बघितलं की समजा कुणी वायर कापली तर? आबा म्हणाला, "कापणाऱ्याची मान हाय ना जाग्यावर? मग मिळंल भरून."

पण यार, ह्या ऑर्डरीत काहीतरी वेगळं आहे. बघण्याच्या कार्यक्रमात खुर्च्या समोरासमोर मांडतात, इकडे पोराकडचे, तिकडे पोरीकडचे. चाचा म्हणतात सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून पाहिजेत. कापड फक्त हिरवं आणि पांढरं. मी म्हटलं थोडं गुलाबी टाकू, शोभेल, तर माझ्यावर असे धावून आले की मी शिडीवर परत चढलो. वर अंगणाच्या भिंतीवर भलामोठा पडदा आणि प्रोजेक्टर. पोराचे फोटो दाखवणार असतील का? एवढे मोठे?

शनिवारी मी इथे नसेन. सगळं बसवून दुपारी रंगूच्या टेम्पोतून पालीला जायचंय, तिथे एक लग्न आहे. म्हणून आताच सांगतो, तू येऊ नकोस. रागात आलास की आधी हात चालतो आणि डोकं पुढच्या बोटीनं येतं.

निकेत


मुरुड,
३ मे, दुपार

अफान्या, येऊ नकोस, येऊ नकोस, येऊ नकोस.

कोणी पोरगा नाही. बघणं नाही, मागणी नाही, काहीच नाही. आज फुटबॉलची फायनल आहे. आशिया खंडातल्या सगळ्या क्लबांमधून दोन उरलेत आणि त्यातला एक रफिकचाचांचा, जेद्दाचा अल-अहली. समोर जपानचा कावासाकी. मला आधी मोटरसायकलच वाटली. मॅच जेद्दालाच आहे, आपल्याकडे रात्री दहाला लागते.

पडदा ताणताना मी विचारलं, चाचा, फोटो कुणाचे लावणार? त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि सगळं ओकले. हा क्लब ह्याआधी दोनदा फायनलला जाऊन हरलाय. मध्ये एकदा खालच्या डिव्हिजनमध्ये पडला, तेव्हा ह्यांनी जेवण सोडलं, बीपी वाढलं आणि रागात रिमोट फेकला तो खालांच्या मसाल्याच्या बरणीत. तेव्हापासून घरात बॉलचं नाव काढायला बंदी. पण फायनल, आणि तीही जेद्दात. माणूस करणार काय? त्यांनी खालांना सांगितलं, पोराकडची माणसं येतायत आणि त्यांना मॅचचा फार शौक आहे, मला नको होतं गं, पण पाहुण्यांचा मान ठेवायला हवा. पोराचे काका-मामा म्हणून येणारे सगळे चाचांचे जेद्दाचे जुने दोस्त आहेत. पोरगा कुठाय विचारलं तर सांगणार की गाडी चुकली.

माहीनला काही सांगितलेलं नाही. पण ती खिडकीतून आमच्याकडे बघून हसत होती, म्हणजे तिला कळलंय.

रंगू हॉर्न मारतोय. हे पत्र आगरदांड्याला गुणाजीकाकांच्या हातात देऊनच पुढे जाणार आहे. घरी गप खिळे जोख.

निक्या


आगरदांडा–दिघी बोट,
४ मे

निक्या,

तुझं कालचं पत्र आज सकाळी मिळालं. काल ते माझ्या बाजूनंच गेलं. आमची बोट दिघीहून सुटत होती आणि गुणाजीकाकांची लागत होती. काका पिशवी वर करून हलवत होते. मी तोंड फिरवलं. म्हटलं, हाही मुरुडचाच, सामील असणार.

आता पालीहून आलास की वाच. बोटीवर लिहितोय, अक्षर हललं तर खाडीला बोल.

मी ईदची शेरवानी घालून निघालो. लग्न मोडायला जायचं तर नवऱ्या मुलापेक्षा बरं दिसावं, एवढाच हिशेब. आगरदांड्याला रात्री दहापर्यंत रिक्षा मिळाली नाही. मासळीचा एक टेम्पो मुरुडला चालला होता, पुढे जागा नव्हती, म्हणून मागे बर्फाच्या पेटीवर बसलो. उतरलो तेव्हा शेरवानी मागून ओली होती आणि माझ्या अंगाला पापलेटचा वास मारत होता. गल्लीच्या वळणावर घर दिसलं. तू माळा फार सुंदर लावल्यास, हरामखोरा.

वाटभर एकच वाक्य घोकलं होतं. फाटकाशी आलो. आत सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून बसलेली. अम्मीनं लहानपणापासून शिकवलंय की कुणाच्याही घरात उजवा पाय आधी टाकावा. भांडायला जाताना काय करावं हे तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून सवयीनं उजवाच टाकला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालो, "ह्या लग्नाला माझा विरोध आहे."

निक्या, अख्खं अंगण उठून उभं राहिलं. खुर्च्या आडव्या झाल्या. लोक ओरडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मला वाटलं सगळ्यांचाच विरोध होता, फक्त कुणीतरी सुरुवात करायची वाट बघत होते. एक धिप्पाड माणूस माझ्या अंगावर धावून आला. मी मूठ वळली. त्यानं मला उचललं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. ते रफिकचाचा होते आणि ते रडत होते. मी मनात म्हटलं, बघ, बापालाही हे लग्न नको होतं.

मग भिंतीवर नजर गेली. तिथे दाराएवढाली माणसं हिरव्या गवतावर एकमेकांवर पडत होती. एक-शून्य. लांबून मारलेला गोल, म्हणे. मी तो बघितलाच नाही. तो होताना मी विरोध करत होतो.

पुढचं ऐक. चाचांचे एक मित्र आहेत, राजपुरीचे, मेंदी लावलेली दाढी. जेद्दात दोघांनी एकाच खोलीत वर्षं काढली. ते मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाले की ह्यानं पाऊल टाकलं आणि गोल झाला. हा ह्याचा पायगुण आहे. नवी नवरी घरात आली आणि गाय व्यायली तर नाही का म्हणत? लगेच पंचायत बसली. ठरलं की मी बाहेर जाऊन परत यायचं.

मी गेलो, आलो. काही नाही. चाचा म्हणाले, आधी उजवा पाय होता, आता डावा टाकलास. परत गेलो, उजवा टाकला. काही नाही. मग दाढीवाल्यांना आठवलं की हा येताना काहीतरी ओरडला होता. काय ओरडलास? मी सांगितलं. चाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मग तेच ओरड, बेटा."

म्हणून मी तिसऱ्यांदा गल्लीत गेलो, शेरवानी झटकली, उजवा पाय आत टाकला आणि माहीनच्या घरासमोर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो की ह्या लग्नाला माझा विरोध आहे. आणि देवाशपथ, बॉल कुणाच्या तरी डोक्याला लागून आत गेला. दोन-शून्य.

त्यानंतर मला हलू दिलं नाही. उजवा पाय अंगणात, डावा गल्लीत. बसायचं नाही, पाय बदलायचा नाही. पाणी मागितलं तर एकानं पेला तोंडाला लावला. पापलेटच्या वासानं गल्लीतल्या मांजरी जमल्या आणि शेरवानीची मागची बाजू चाटू लागल्या. त्यांनाही हाकलू दिलं नाही. दाढीवाले म्हणाले, मांजरी आल्यापासून जपानला बॉल मिळत नाहीये.

हाफटाइमला फरिदाखाला सांदणं आणि नारळाच्या दुधाची खीर घेऊन बाहेर आल्या. मागे माहीन, हातात वाट्या. खालांनी फाटकात बघितलं. शेरवानीतला पोरगा, अर्धा आत अर्धा बाहेर, पायाशी मांजरी.

"हा कोण?"

चाचांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खालांकडे बघितलं आणि म्हणाले, "हाच तो. पोरगा. गाडी मिळाली वाटतं."

"मग फाटकात का उभा?"

"लाजतोय."

खाला जवळ आल्या. माहीननं ओढणी तोंडात कोंबली होती, आणि तिला लाज वाटत नव्हती, तिला हसू आवरत नव्हतं. खालांनी विचारलं, काय करतोस बाळा? मागून चाचांनी हळूच सुरू केलं की जेद्दाला मोठ्या कंपनीत इंजिनिअर. तिथे माझं डोकं फिरलं. तुला माहीतच आहे, मला सगळं चालतं पण माझ्या वतीनं कुणी थाप मारलेली चालत नाही. मी म्हटलं, "कॉलेज सोडलंय. म्हसळ्याला अब्बांच्या दुकानात खिळे जोखतो. आणि मी कुणी पोरगाबिरगा नाही, मी हे लग्न मोडायला आलोय."

"कुणाचं लग्न?"

"माहीनचं."

"कुणाशी?"

मी चाचांकडे बघितलं. चाचा आकाशात चांदण्या शोधत होते. खाला त्यांच्याकडे वळल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मॅच संपू दे."

निक्या, ज्याची टीम दोन-शून्यने जिंकतेय आणि जो मॅच संपू नये म्हणून दुआ मागतोय असा माणूस मी पहिल्यांदा बघितला. दर थोड्या वेळानं चाचा आशेनं विचारत होते, जपाननं दोन मारले तर एक्स्ट्रा टाइम लागतो ना? पण माझा पायगुण पक्का निघाला. जपानला एकही मारता आला नाही. शिट्टी वाजली, अल-अहली जिंकला, पोराचे सगळे काका-मामा चाचांना मिठी मारून सांदणं रुमालात बांधून पसार झाले. अंगणात चाचा, मी आणि मांजरी.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळानं चाचा उशी घेऊन बाहेर आले. मला लॉजची एक खोली उघडून दिली आणि शेजारच्या खोलीत स्वतः झोपले. सकाळी त्यांनीच चहा केला. मग विचारलं, पुढच्या वर्षीही येशील ना? मी म्हटलं, कोण म्हणून येऊ? ते म्हणाले, ते फरिदा ठरवेल.

निघताना माहीन नळावर होती. मी थांबलो. घोकलेलं वाक्य एकच होतं आणि ते वापरून संपलं होतं. तीच म्हणाली, "फोन कुठाय तुझा?" मी म्हटलं, खाडीत. तिनं कपाळावर हात मारला, कळशी उचलली आणि आत गेली.

कपाळावर हात म्हणजे हो की नाही? तू तिच्या जातभावातला नाहीस, पण मांडवाच्या कामात रोज लग्नघरच्या बायकांचे इशारे बघतोस. सांग.

अफान


मुरुड,
७ मे

अफान,

हे पत्र लिहायला मला निकेतच्या आईकडून कागद आणावा लागला. आमच्या घरात कागदावर कुणी काही लिहीत नाही, कारण बाकीच्यांकडे फोन असतो.

तुझा मेसेज आला तेव्हा मी गिरणीत होते. वाचला. दोन्ही हातांना पीठ होतं. दळण डोक्यावर घेऊन घरी आले, हात धुतले आणि उत्तर लिहिलं. तेवढा वेळ तुला धीर निघाला नाही. माझं उत्तर खाडीत आहे. काय लिहिलं होतं ते बोय मासळीला विचार.

अम्मीला सगळं आधीपासून माहीत होतं. तुझे मामा म्हणून आले होते ते मेंदीच्या दाढीवाले काका दारातच सवयीनं म्हणाले, भाभी, मागच्या वेळची सुकटीची चटणी उरलीय का? अम्मीनं त्यांना चटणी वाढली आणि काही बोलली नाही. तिला बघायचं होतं अब्बा कुठपर्यंत जातात. ते तुझ्यापर्यंत गेले.

आता तिचा निकाल ऐक. गल्लीत माळा लागल्या, लोकांनी बघितल्या, शेवटच्या घरची आजी आहेर घेऊन आली आणि परत न्यायला तयार नाही. माळा उगाच लागल्या असं ह्या घरात होत नाही. अब्बांनी चारचौघांत हाच तो म्हटलंय, तर आता हाच तो. पण कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा चालणार नाही. तू बी. कॉम. होईपर्यंत ह्या घरात मॅच बंद. अब्बांचा बॉल तुझ्या पेपरांवर आहे. ते दोन दिवस झाले, अकाउंट म्हणजे नक्की काय असतं ते मला विचारतायत.

हे सगळं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, म्हणून माझं मी सांगते. पायगुणावर मी कुणाला हो म्हणणार नाही. अम्मीला खरं सांगितलंस ते मला आवडलं, पण तेवढ्यावरही नाही. सरांकडे जा, माफी माग, नाव परत घाल. नवा फोन घे, नंबर तोच ठेव. मग तुझ्या प्रश्नाला मी एकदाच, शेवटचं उत्तर देईन. आणि फोन बोटीवर स्वतःच्या हातात धरू नकोस.

माहीन

ता.क. शेरवानी मिठाच्या पाण्यात भिजव. मांजरी अजून फाटकात बसतात.


म्हसळा,
२१ मे

निक्या,

काल मुरुडला येऊन गेलो, तू श्रीवर्धनला मांडव बांधत होतास. तेव्हा लिहूनच सांगतो. माहीनचं पत्र आलं म्हणून कसम सुटली आणि आता फोन आहे, पण ही गोष्ट अंगठ्यानं लिहिण्यातली नाही.

गेल्या आठवड्यात रफिकचाचा स्वतः बोटीनं म्हसळ्याला आले. अब्बांना खजुराचा डबा दिला आणि मला अकाउंटचं जाडजूड गाइड. अब्बा म्हणाले, ह्याचं तुम्हाला काय पडलंय? चाचा म्हणाले, "भाईसाब, नवा सीझन सुरू व्हायला आता फार दिवस नाहीत." अब्बांना काही कळलं नाही, पण पोरगा शिकतोय म्हणून त्यांनी जास्त चौकशी केली नाही.

काल चाचाच मला कॉलेजात घेऊन गेले. सुट्टी आहे, पण सर पेपर तपासायला येतात. चाचा आत यायला तयार नव्हते. फाटकात उभे राहिले, उजवा पाय आत, डावा रस्त्यावर. शिपाई म्हणाला, एकतर आत या नाहीतर बाहेर जा. चाचा म्हणाले, पोराचं काम होईपर्यंत हलणार नाही, तुला काय करायचं ते कर.

मी सरांसमोर उभा राहिलो आणि माफी मागितली. कठीण गेलं. ते वाक्य मी घोकलेलं नव्हतं. सरांनी चष्म्यावरून बघितलं, कपाट उघडलं आणि माझा ताळेबंद काढला. खिडकीखालून त्यांनी त्याच दिवशी उचलला होता. लाल पेनानं तपासलेला. म्हणाले, "फेकण्यासारखाच होता. जुळत नाही." मग म्हणाले की मीही त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं, माझे स्वतःचे वडील बोटीवर होते. जूनपासून ये. पुढच्या बाकावर बस, माझ्या नजरेसमोर.

पुढचा बाक, निक्या.

बाहेर आलो. चाचांनी माझा चेहरा बघितला आणि तेव्हाच दुसरा पाय आत घेतला.

नाव घातल्याच्या पावतीचा फोटो माहीनला पाठवला आणि खाली जुनाच प्रश्न परत लिहिला: "मी तुझ्या घरी मागणी घालायला येऊ का?" लगेच निळ्या खुणा. उत्तर नाही. आगरदांडा आला, उत्तर नाही. बोटीत चढलो, उत्तर नाही. फोनचा हात परत कठड्याबाहेर जायला लागला. मी सरळ गुणाजीकाकांकडे गेलो, फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, पलीकडे लागेपर्यंत मी मागितला तरी देऊ नका. ते म्हणाले, ह्या खेपेला तरी शहाणा झालास.

खाडीच्या मध्यावर, बरोबर त्याच जागी, फोन वाजला. काकांनी मला देण्याआधी स्वतः वाचला. मग इंजिनाच्या वर आवाज चढवून, दोन एसट्यांची माणसं, कोळणी, मोटरसायकलवाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं:

"हातांना पीठ होतं, म्हणून उशीर. दारात उभं राहून झालं असेल तर आत ये."

मग टोपली घेऊन बसलेली एक कोळीण मला म्हणाली, "मग उभा का रं? मागं फिरव की बोट."

काकांनी बोट फिरवली नाही. पण फोन दिला. दोन्ही हातांनी दिला, आणि मी दोन्ही हातांनी घेतला.

रविवारी अब्बा-अम्मीला घेऊन मुरुडला येतोय. माळा तूच लाव. ह्या वेळी खुर्च्या समोरासमोर.

तुझा,
अफान